आढ्याचं पाणी

मागच्या आषाढात एका सकाळी गाडीचं दार उघडलं आणि आतून गावच्या घरातल्या गोधड्यांचा वास आला. आठ दिवस ऊन न मिळालेल्या गोधड्यांना येतो तो कुबट वास. मागच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा बोटाने दाबला तर बोटाभोवती पाणी उभं राहिलं.

गाडी सेकंड हँड, अकरा वर्षांची. पाणी मागच्या दाराशी दिसलं, म्हणून मी दाराचं रबर बदलून घेतलं. रबर कोरं झालं, पाणी होतं तेवढंच राहिलं. गॅरेजवाल्याने मग एसीवर संशय घेतला. एसीत जमणारं पाणी एका बारीक नळीने बाहेर पडतं. ती तुंबली की ते आतच, पुढच्या सीटसमोर सांडतं. त्याने नळीत हवा मारली. नळी मोकळीच होती. रेडिएटरचं कूलंट असेल म्हणून पाणी बोटावर घेऊन चोळून पाहिलं, तर ना चिकट, ना रंगीत. साधं पावसाचं पाणी. खरं तर गाडी चार दिवस जागची हलली नव्हती. न लावलेल्या एसीचं पाणी कुठून येणार, हे मलाच आधी सुचायला हवं होतं. पण पैसे मोजून झाल्याशिवाय मला सहसा काही सुचत नाही.

अण्णा गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "दिसतंय तिथे काय शोधत्येस?"

हे वाक्य मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकलेलं होतं.

आमचं घर रत्नागिरीजवळचं. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आजोबांच्या वेळी घरावर नळे होते, अण्णांनी ते काढून मंगलोरी कौलं घातली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून या कौलांना ते नाव चिकटलं. एकमेकांत अडकणारी, अंगावर पाण्यासाठी खाचा असलेली देखणी वस्तू. पण वानर काही देखणेपण बघून उड्या मारत नाहीत. दरवर्षी मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, शाकारणी करावी लागे. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा. एवढं करूनही पहिल्या मोठ्या सरीला कुठेतरी टप् व्हायचंच.

एका वर्षी ते नेमकं देव्हाऱ्यावर झालं. मी खाली तपेली धरून उभी, आणि देव्हाऱ्याच्या डोक्यावरची कौलं अगदी धडधाकट. पाणी शिरलं होतं पार वर, आढ्याजवळ. तिथून ते रिपेच्या पोटाला चिकटून सरकलं, वाशावर उतरलं, आणि वाशाच्या गाठीशी अडून खाली पडलं. "दिसतंय तिथे शोधू नको," अण्णा तेव्हाही म्हणाले होते. पाऊस उघडल्यावर भर दुपारी ते माळ्यावर गेले, कवाड लोटून अंधार केला आणि वर बघत बसले. फट असेल तिथून उजेडाची रेघ येते. त्या रेघेतून त्यांनी खराट्याचा एक हीर वर सारला. मग शिडी लावून छपरावर चढले, तर त्या लाल उतरणीवर एवढासा हीर उभा!

मुंबईच्या फ्लॅटमध्ये मात्र हीर चालला नाही. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी आमचं छत ठणठणीत होतं. डाग उमटला पाऊस ओसरल्यावर, तिसऱ्या दिवशी. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा पाणी पिऊन बसतो आणि सवडीने खाली सोडतो. पुढची दहा वर्षं वॉटरप्रूफिंग आणि सोसायटीच्या मीटिंगा. त्याबद्दल जास्त लिहावं असं काही नाही.

तर गाडी. अण्णांनी पद्धत ठरवून दिली. पाणी खालून वर घालत जायचं, एकेका जागी दहा मिनिटं, घाई नाही. वरूनच सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. आतल्या गालिच्याच्या कडा उचलून उघड्या पत्र्यावर त्यांनी स्वतःची अंगाला लावायची पावडर भुरभुरली, म्हणजे पाण्याचा ओघळ लगेच दिसेल. मग ऐंशी वर्षांचे अण्णा टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि मी बाहेर पाइप धरून. दाराचा तळ. काही नाही. मूठ, आरसा, खिडकी. काही नाही. शेवटी पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या काळ्या जाळीवर धार धरली. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"आलं!" आतून आवाज. पुढच्या डाव्या सीटसमोर, डॅशबोर्डखालून.

त्या जाळीला गॅरेजवाले काऊल म्हणतात. काचेवरचं सगळं पाणी तिच्यातून खालच्या पन्हळीत पडतं आणि पन्हळीच्या टोकांच्या भोकांतून चाकामागे उतरतं. आत हवा ओढायचं तोंडही त्याच पन्हळीत असतं. मी सावलीसाठी गाडी गुलमोहराखाली लावते. त्याची ती मोहरीएवढी पानं जाळीतून आत गेली, कुजली, भोकं बुजली. पन्हळ भरली, पाणी त्या तोंडाच्या काठावरून पंख्यात आणि तिथून गालिच्याखाली. सोसायटीच्या उतारावर गाडी नाक वर करून उभी असते, म्हणून ते मागे वाहून मागच्या सीटपाशी दिसलं. आढ्याचं पाणी वळचणीला.

मला वाटायचं, गाडी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. तसं नाहीच. खिडकीच्या काचेलगत दाराच्या पोटात दर पावसात पाणी जातं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जातं. कौलांचं घरही पावसाशी असंच समजुतीने वागायचं. हट्ट करतो तो स्लॅब.

वायपर काढले, जाळी उचलताना दोन क्लिपा मोडल्या. खाली ओंजळभर काळी माती निघाली, इतकी सुपीक की अण्णांनी ती तुळशीत घातली. भोकात मात्र बोट जाईना, तार वाकायला लागली. अण्णा वर गेले आणि बाथरूममधल्या खराट्याचा हीर घेऊन आले. दोनदा फिरवला, आणि चाकामागे भसकन पाणी पडलं.

गालिच्याखालचा फोम वाळायला बारा दिवस आणि एक टेबलफॅन लागला. सीटखालच्या वायरींचे जोड सुदैवाने गंजले नव्हते. गाडी अजून गुलमोहराखालीच असते. सावली कोण सोडतं.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात चहा पिता पिता अण्णांनी विचारलं, "शाकारणी झाली का गो?"

मी कप ठेवला आणि खराटा शोधायला गेले.