वाचनाची बक्षिसी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या हातून एक अपराध घडला. तो करताना मात्र आपण मोठे पुण्यकर्म करीत आहोत, अशी माझी पक्की समजूत होती.

पुंडलिकनगरातील आमच्या गल्लीची मुले सुटीत दुपारच्या वेळी माझ्या व्हरांड्यात जमतात. मे महिन्याचे ऊन त्यांना बाहेर खेळू देत नाही आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नाही, एवढेच काय ते त्याचे कारण. पण मुले नुसती वाचीत बसलेली प्राध्यापकाला पाहवतात कोठे? मी जाहीर केले, की सुटीत जो सर्वांत अधिक पुस्तके वाचील, त्याला मनगटी घड्याळ बक्षीस! भिंतीवर तक्ता लागला, नावे लिहिली गेली आणि व्हरांड्यात अपूर्व उत्साह संचारला.

चार दिवसांतच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पातळ पुस्तके भराभर संपू लागली. जाड पुस्तकांवरील धूळ मात्र हलेना. एका चिरंजीवांनी तर एका दुपारी सहा पुस्तकांचा फडशा पाडला. त्यांतील एखादी गोष्ट सांग म्हटले, तेव्हा त्यांनी पृष्ठसंख्या सांगितली!

हे हसण्यावारी नेता आले असते. खरी बोच निराळीच आहे. गल्लीतील एक अबोल मुलगी मुखपृष्ठ हरवलेले शिकारकथांचे पुस्तक घेऊन रोज एकाच कोपऱ्यात बसे. ते संपल्यावर तिने पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला. मी मोठ्या मायेने म्हणालो, "अगं, हे एकदा झालं ना? दुसऱ्यांदा वाचलेलं मोजायचं नाही." तिने माझ्याकडे पाहिले, पुस्तक मिटले आणि कपाटात ठेवून दिले. दुसरे काही उचलले नाही. त्यानंतर ती आलीच नाही.

१९७३ साली अमेरिकेतील लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना बक्षिसाचे आमिष आधी दाखवले, काहींना ते अवचित दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळी पहिल्या गटातील मुले चित्रांकडे कमी वळली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र उणावली नाही. हा प्रयोग मला ठाऊक होता. परंतु ठाऊक असणे निराळे आणि उमगणे निराळे!

मग मुलांना काही देऊच नये काय? तसेही मला म्हणवत नाही. शाळकरी भीमराव आंबेडकरांचा परीक्षेतील यशाबद्दल सत्कार झाला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९५६ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या भेटीची आठवण नोंदवली आहे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आमच्या शहरात काढलेल्या महाविद्यालयाला ज्या मिलिंदाचे नाव आहे, तो बौद्ध वाङ्मयातील प्रश्न विचारणारा राजा. केळुसकरांनी आधी कसलीही अट घातली नव्हती, की पाने मोजली नव्हती. पुस्तकाच्या मोबदल्यात त्यांनी वस्तू दिली नाही. यशाच्या निमित्ताने पुस्तक दिले. माझ्या घड्याळाने वाचन तेथेच संपत होते. त्यांच्या भेटीपासून ते सुरू होत होते.

घड्याळ मी ठरल्याप्रमाणे त्या चिरंजीवांना दिले. दिलेला शब्द मोडणे बरे नव्हे. तक्ता मात्र उतरवला. मग शिकारकथांच्या त्या पुस्तकाला नवा पुठ्ठा चढवून ते मी त्या मुलीच्या घरी नेऊन दिले. तिने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि हळूच विचारले, "सर, हे किती वेळा वाचलेलं चालेल?"

तीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या माझ्या जिभेला क्षणभर शब्द सुचेना. "मोजू नकोस, बाळ," एवढेच मी कसेबसे म्हणालो.