एका ‘न्हाई’ची दुरुस्ती

मौखिक साहित्याचा अभ्यासक ध्वनिफितीकडे पुरावा म्हणून पाहतो. तोच पुरावा एखादे दिवशी आपल्याविरुद्धही साक्ष देईल, हे सहसा त्याच्या मनात येत नाही. माझ्या बाबतीत ते घडले, म्हणून हे टिपण.

1995 साली मी कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करीत होतो. खडी फोडण्याची कामे, सुकडी, मिलो ज्वारी हे विषय वयस्क बायांच्या बोलण्यात आपसूक येत. अशाच एका आजींच्या ओसरीवर कॅसेट रेकॉर्डर ठेवून मी विचारले, “आजी, त्या साली घरातलं कुणी दगावलं का?” लिप्यंतरात त्यापुढे मी लिहिले : “उ. : न्हाई.” प्रबंधात त्यावरून एक विधान केले की, या कुटुंबाला दुष्काळाची झळ लागली, पण जीवितहानी झाली नाही.

त्या काळी फितीवरील जागा आम्ही यंत्राच्या आकड्यावरून नोंदवीत असू. माझ्या वहीत या प्रश्नापुढे 247 असा आकडा होता. हा आकडा वेळ मोजत नाही, चकतीचे फेरे मोजतो. फीत सेकंदाला सुमारे 4.76 सेंटिमीटर या एकाच गतीने सरकते. पण गुंडाळणारी चकती फीत साठेल तशी जाड होते आणि तिचे फेरे मंदावतात. म्हणून सुरुवातीचे शंभर आकडे आणि शेवटचे शंभर आकडे यांची मिनिटे सारखी नसतात. त्यात यंत्र बदलले की आकडाही बदलतो. विभागातल्या यंत्रावर माझे 247 भलत्याच ठिकाणी उघडले. पुन्हापुन्हा फीत मागेपुढे करण्याचा कंटाळा आला आणि उरलेले मी क्षेत्रवहीतील त्रोटक टिपणांवरून पुरे केले. प्रश्नानंतर जो शब्द, तो उत्तराचा, हे मी गृहीतच धरले होते.

अलीकडे त्या फिती संगणकावर उतरवून घेतल्या आणि प्रत्येक उच्चाराला तास, मिनिट, सेकंद असा टाइमकोड देत नव्याने लिप्यंतर सुरू केले. चित्रपट आणि दूरचित्रवाणीत दृश्य व ध्वनी जुळवण्यासाठी वापरात आलेली ही पद्धत आता भाषाभ्यासकाच्याही हाताशी आहे. हेडफोन लावून ऐकले तेव्हा नोंद अशी झाली :

00:17:42 मी : घरातलं कुणी दगावलं का?
00:17:46 (आतून, अस्पष्ट) आत्याबाई, च्या मांडू का?
00:17:48 आजी : न्हाई.
00:17:49 शांतता.
00:17:59 मी : बरं, खडीची मजुरी किती मिळायची?
00:18:00 आजी (माझ्या आवाजाखाली) : एक लेकरू व्हतं.

ती ‘न्हाई’ चहाला होती. मला द्यायचे उत्तर शोधायला आजींना दहा सेकंद लागले. अकराव्या सेकंदाला मी मजुरीचा हिशेब विचारला. यंत्र नीट चालले होते. ऐकणाऱ्याला धीर नव्हता.

आजी आता हयात नाहीत. फीत घेऊन मी त्यांच्या सुनेकडे गेलो. आपला तरुण आवाज ऐकून त्या आधी हसल्या, मग गप्प झाल्या. म्हणाल्या, “आत्याबाईनं मला सुदिक एकदाच सांगितलं व्हतं. लिव्हा भाऊ, पर नाव नका घालू.” म्हणून येथे नाव नाही. प्रबंधातील ते विधान मात्र मी मागे घेत आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी उभारलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. बर्नार बेल यांच्या सहकार्याने त्यांतील अनेकींचा मूळ आवाजही जपला गेला आणि आज तो ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतो. अशा संग्रहाचे मोल संख्येपुरते नाही. कागदावरच्या ओवीवर शंका आली तर गाणारीच्या आवाजाकडे परत जाता येते, हे त्याचे खरे बळ. माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात अशी वाट नव्हती. तेथे केवळ ‘प्र.’ आणि ‘उ.’ होते. त्या दोन अक्षरांच्या मांडणीत तिसऱ्या व्यक्तीला, चहाला आणि मौनाला जागाच उरली नव्हती.

टाइमकोड खरे-खोटे ठरवीत नाही. कोण केव्हा बोलले आणि मध्ये किती वेळ कुणीच बोलले नाही, एवढेच तो सांगतो. अर्थ आपणच लावायचा असतो. पण चुकीचा अर्थ लावला तर नेमके कोठे परतायचे, ते त्यामुळे कळते. आता माझ्या विद्यार्थ्यांच्या लिप्यंतरात मी प्रथम शांततेचे सेकंद पाहतो. ते लिहिलेले नसतील तर वही परत देतो. 1995 साली माझी वही कुणीतरी अशी परत द्यायला हवी होती.