साइन आउट

आमच्या वाचनालयात सर्व्हर एकच. चार टेबलांवरून सगळे त्यालाच जोडून काम करतात. परवा त्याची डिस्क भरली. माझा जुना विद्यार्थी साफसफाईला आला. जुनी प्रोफाइलं काढता काढता एकापाशी अडला. 'डिलीट'चं बटण फिकट! ते आमच्या लेखनिकांचं होतं. त्यांना जाऊन महिना झाला.

"सर, काका नुसती खिडकी बंद करायचे, साइन आउट करायचे नाहीत. सर्व्हरच्या लेखी ते अजून आतच आहेत."

"मग फोल्डर पुसून टाक की."

"रजिस्ट्रीतली नोंद मागे राहील, सर. दोन्ही बरोबरच जायला हवं."

खरंच, बाक हलवला म्हणून हजेरीपटातलं नाव थोडंच जातं!

आधी त्यांच्या फायली उतरवून घेतल्या. त्यात एक यादी होती, वर्गणी थकलेल्या मुलांची. प्रत्येक नावापुढे 'भरली' आणि स्वतःची आद्याक्षरं. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

मग त्यानं त्यांचं सेशन बंद केलं. बटण ठळक झालं.

"दाबू, सर?"

इतकी वर्षं हजेरी घेतली, पण नाव कमी करताना असा कधी अडखळलो नव्हतो. शेवटी मान हलवली.

यादी आता माझ्याकडे आहे. यंदाची वर्गणी मी भरली. आणि हो, उठताना आठवणीनं साइन आउट करतो.