अपुरा 'राजसंन्यास'

मुंबईहून निघालेली नागपूरची गाडी भुसावळ सोडते आणि थोड्याच वेळात वरणगाव मागे टाकते. याच लोहमार्गावर, भुसावळच्या अलीकडे, भादली स्टेशनजवळ ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. पुढे साडेआठ महिन्यांनी, २३ जानेवारी १९१९ ला, नागपूरजवळच्या सावनेरला राम गणेश गडकऱ्यांना क्षयाने नेले. वय अवघे तेहेतीस.

क्षयाने प्रतिभा उजळते, ही समजूत युरोपात कीट्स आणि शोपाँ यांच्या नावावर चांगलीच पोसली गेली. गडकऱ्यांचा हिशेब मांडून पाहावा. 'एकच प्याला' रंगभूमीवर आला तेव्हा ते हयात नव्हते. 'भावबंधन' कसेबसे हातावेगळे झाले. आणि संभाजीराजांवरचा 'राजसंन्यास' अपुराच राहिला. त्याचे लिहून झालेले प्रवेश वाचले की पुढच्या कोऱ्या पानांचा राग येतो. आजाराने दिले म्हणावे असे यात काय आहे? विनोद, कविता, नाटक हे सारे गडकऱ्यांचे स्वतःचे. क्षयाच्या वाट्याला फक्त वजाबाकी.

थोरले माधवराव पेशवेही १७७२ मध्ये थेऊरला क्षयानेच गेले, सत्ताविसाव्या वर्षी. पानिपताने खचलेले राज्य त्यांनी अकरा वर्षांत पुन्हा उभे केले होते. पेशव्याला वैद्यांची काय वाण! पण त्या वैद्यांपाशी औषधच नव्हते.

आनंदीबाई जोशी तर स्वतःच डॉक्टर. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवून दिला होता. त्यानंतर चार वर्षांनी त्यांना फिलाडेल्फियात पदवी मिळाली. म्हणजे शत्रू कोण, हे वैद्यकाला कळून चुकले होते. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती. तिथे रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या पुण्यात वारल्या. वय एकवीस. क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडले.

आता थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पोषणासाठी महिन्याला हजार रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत बरे वाटते, गोळ्या सुटतात, आणि मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आणि सोयरीक जुळवताना 'घरात कुणाला टीबी होता का?' असा प्रश्न निघाला, की आजही उत्तर येते, 'नाही हो, साधा खोकला होता.'