घरचा निकाह, घरची भेदरं

आमच्या घरात एकाच फळाला तीन नावं आहेत. अम्मी त्याला टमाटर म्हणते, मराठीच्या पुस्तकात ते टोमॅटो असतं आणि हिंगणघाटच्या बाजारात भाजीवाल्या बाईच्या तोंडी ते भेदर होतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात तिन्ही शब्द फळ्यावर लिहिते. पण मे महिन्यात अंगणातलं, उन्हानं कोमट झालेलं फळ तोडून मीठ लावून खाताना माझ्या मनात 'भेदर' हाच शब्द येतो.

ही झाडं अम्मीच्या रागातून आली. 2023 च्या जुलैत टोमॅटोनं देशभर शंभरी ओलांडली, तेव्हा घरात कितीतरी दिवस चिंचेवरच सालन झालं. पुढच्या हिवाळ्यात तिनं पिकलेल्या गावरान फळांचं बी राखेत घोळून वाळवलं आणि वीस-बावीस रोपं अंगणात लावली. आपल्या वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. पारा पस्तीसच्या वर जाऊ लागला की टोमॅटोचा फुलोरा गळतो, फळ धरत नाही. म्हणून मार्चपर्यंत जे धरलं तेच मेपर्यंत पुरवायचं. अम्मीनं झाडांवर जुन्या ओढण्यांची सावली केली. वजूचं पाणी नालीत न सोडता आळ्यात सोडलं. फळं लहान, जाड सालीची आणि चांगलीच आंबट निघाली.

त्याच उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचा निकाह ठरला.

तिनं एकच अट घातली, "लग्न घरीच होईल. कर्ज नाही." या अटीमागं माझं लग्न होतं. 2012 साली माझ्या लग्नाला हॉल, रोषणाई, चार पदार्थ, सगळं झालं. लोकांनी तारीफ केली आणि जेवून गेले. अब्बा शिलाईचं काम करतात. पुढची पाच वर्षं ते रात्री बारा-बारापर्यंत मशीनवर बसून हप्ते फेडत होते. मी सासरी होते. तो आवाज मला ऐकू आला नाही. धाकटी तेव्हा सातवीत होती. ती त्या मशीनच्या आवाजातच अभ्यास करून मोठी झाली.

सुट्टी आणि पाहुण्यांची सोय पाहून मे 2024 चा तिसरा रविवार ठरवला. 26 एप्रिलला आमच्या मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं. निवडणुकीच्या ड्यूटीतून मी मोकळी झाले आणि लगेच तयारीला लागले. पण तो महिना निघाला जिल्कादचा. फुप्पू फोनवरच कडाडल्या, "खाली के महीने में कौन करता शादी?" अब्बा शांतपणे म्हणाले, "आपा, अल्लाहनं कोणताच महिना खाली ठेवला नाही. खाली आहे तो माझा खिसा." तरीही फुप्पू रुसल्याच.

खरी भीती होती मुलाकडच्यांची. आपल्या समाजात मुलीच्या बापाची इज्जत देगीच्या संख्येवर मोजतात. खरं पाहता निकाहाला लागतं काय? ईजाब-कबूल, दोन गवाह आणि मेहेर. दावत सांगितली आहे ती वलीम्याची, आणि तो मुलानं करायचा. मुलीच्या दारातल्या पंगती हा रिवाज आहे, शरीयत नव्हे. हे प्रत्येक मौलाना सांगतात, आपणही मान डोलावतो, आणि घरी येऊन हॉलवाल्याला फोन लावतो. अब्बा पुलगावला गेले आणि मुलाच्या वडिलांना सरळच म्हणाले, "दीडशे-एकशेसाठ माणसं, एक पुलाव, एक दालचा, एक चटणी, एक मीठा. त्याच्या पुढं माझी ऐपत नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाईसाब, मला अजून दोन मुली आहेत. तुम्ही सुरुवात करा, मला पुढं सोपं जाईल."

बी.एड.ला आम्ही वर्धा योजना पाठ केली होती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं नई तालीमचा आराखडा तयार केला. हाताच्या कामातून शिक्षण, हे तिचं सूत्र. परीक्षेत मी त्यावर पाच मुद्दे लिहिले होते. ते काय असतं ते कळलं आमच्या ओसरीत. भाच्या-पुतण्यांना मी हिशेब दिला : एका किलो तांदळात आठ माणसं, तर एकशेसाठ माणसांना किती? वीस किलो, हे उत्तर त्यांनी स्वतः तांदूळ निवडून पक्कं केलं. धाकट्या मुलांनी उर्दूत दावतनामे लिहिले, मोठ्यांनी मराठीत. जोडा अब्बांनी शिवला, त्याला गोटा खालानं लावला.

मांडव हिरव्या जाळीचा आणि त्यावर निंबाच्या डहाळ्यांचा. शेजारच्या काकूंनी त्यांचं अंगण आणि दोन कूलर दिले. ऊन पंचेचाळीसच्या आसपास, म्हणून निकाह असरनंतर आणि जेवण मगरिबनंतर ठेवलं. मामूंनी पऱ्हाट्यांवर चूल पेटवून बाभळीच्या लाकडांवर देगी चढवल्या. दालच्यात चिंच की टमाटर, यावर नानी आणि अम्मीची चांगलीच जुंपली. शेवटी दोन्ही पडलं. चटणीची भेदरं मात्र सगळी घरची. चार दिवस राखून ठेवलेली अंगणातली नऊ किलो आणि काकूंनी मळ्यातून आणलेली दुरडीभर. निखाऱ्यावर भाजून, साल काढून, लसूण, हिरवी मिरची, कांदा, कोथिंबीर घालून बायकांनी ती हातानंच कुस्करली.

दस्तरखानावर लोकांनी पुलावाची तारीफ केली, पण दुसऱ्यांदा मागितली ती चटणी. फुप्पू उशिरा आल्या, पण आल्या. ताटाशी बसून त्यांनी एवढंच विचारलं, "ये टमाटर बजार के तो नहीं लगते?" अम्मीनं त्यांना वाटी भरून दिली. मला वाटतं, रुसवा तिथंच संपला.

मेहेर जागेवरच रोख दिला गेला. जेवणाचा खर्च एकतीस हजार, मांडव, कपडे धरून साठच्या आत. अब्बांनी लग्नासाठी साठवलेल्या पैशांतून जे उरलं ते पोस्टात धाकटीच्या नावावर गेलं. कुणाचा हप्ता नाही. लग्नाच्या तिसऱ्या रात्री अब्बा इशाची नमाज पढून आले आणि झोपले. मशीन बंद होती.

हे लिहिते आहे ते बढाई मारायला नाही. हॉलमध्ये लग्न करणाऱ्यांना दोष देण्याचीही इच्छा नाही. ज्यांना परवडतं त्यांनी करावं. पण ज्यांना परवडत नाही तेही करतात, कारण पहिल्यांदा नाही म्हणायला कुणीतरी लागतं. आमच्या घरात ते एका पंचवीस वर्षांच्या मुलीनं म्हटलं, म्हणून बाकीच्यांना धीर आला. आमची खर्चाची वही सध्या घरी नाही. आमच्याच गल्लीतल्या एका शिंपीकाम करणाऱ्या बापानं ती नेली आहे. त्याच्या मुलीचा निकाह शव्वालमध्ये आहे. वहीसोबत अम्मीनं त्याच्या बायकोला पुडीत बांधून बीही दिलं.