माळावरची शाळा

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात शाळकरी पोरांनाही पाठ असते, आणि ती उगाच पडलेली नाही. बियाण्यांचे धंदे, लोखंडाचे कारखाने, मोंढ्यातली उलाढाल आणि मोसंबीच्या बागा यांनी या पाळण्याच्या साखळ्या आजही लखलखत्या ठेवल्या आहेत. पण पाळण्यावर सावली धरणारे झाड मात्र शोधत हिंडावे लागते. जालना जिल्ह्यात जंगलाचे प्रमाण शेकडा दोनांहूनही कमी आहे. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगरांचा काठ लागतो, अंबडच्या बाजूला थोड्या टेकड्या आहेत. बाकी सारा मुलूख काळ्या रानाचा, नाही तर मुरमाड माळाचा. अशा जिल्ह्यातल्या मुलांना रान दाखवायला न्यायचे तरी कुठे?

मुंबईकरांना हा प्रश्न पडत नाही. बोरिवलीला आगगाडीतून उतरले की सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान दाराशी उभे! गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने निसर्गशिक्षणाचे केंद्रच उघडले. तिथे जाणत्या मार्गदर्शकाबरोबर मुले पायवाटेने हिंडतात, फुलपाखरे ओळखतात, कोळ्याचे जाळे न मोडता पाहतात. जालन्यात एवढे घनदाट वैभव कुठले? म्हणून एका गुरुजींनी जेव्हा मला सांगितले, “दिवाळीच्या सुटीत मुलांना घाणेवाडीला नेतो आहे, तुम्हीही चला,” तेव्हा मी कुतूहलाने होकार दिला.

घाणेवाडीचा तलाव म्हणजे जालन्याचा जुना प्राण. निजामाच्या अमदानीत बेजनजी फरिदूनजी जालनावाला या पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने तो कुंडलिका नदीवर बांधला गेला. शहरापेक्षा तो उंचावर असल्यामुळे पाणी पंपाशिवाय, उताराने आपोआप शहरात यावे अशी त्याची योजना. त्याला संत गाडगेबाबा जलाशय असे नाव आहे. स्वच्छतेसाठी हातात खराटा घेणाऱ्या संताचे नाव पिण्याच्या पाण्याला द्यावे, हे मला फार समर्पक वाटते.

सकाळी साडेसहाला आम्ही पोहोचलो. तीसेक मुले, गुरुजी, आणि वाट दाखवायला जन्मभर या माळावर शेळ्या चारलेले एक म्हातारे गृहस्थ. मुले त्यांना आबा म्हणत होती. आरंभी गुरुजींनी तीन नियम सांगितले : ओरडायचे नाही, तोडायचे नाही, आणि नाव विचारण्याआधी नीट पाहायचे. हा तिसरा नियम मला विशेष आवडला. आपण मोठी माणसे नाव कळले की वस्तू कळली असे समजतो आणि पुढे चालू लागतो!

बाभळीच्या फांद्यांवर सुगरणींची घरटी लोंबत होती. पावसाळा संपल्याने सारी रिकामी. काही अर्धवट सोडलेली, शिरस्त्राणासारखी दिसणारी. एका मुलाने विचारले, “ही का नाही पुरी केली?” गुरुजींनी समजावले, “विणकाम नराचे. अर्धे झाले की मादी येऊन पाहते. पसंत पडले तर पुढे बांधायचे, नाही तर दुसरे सुरू करायचे.” यावर एक मुलगी चटकन म्हणाली, “म्हणजे मुलगी बघायला येत नाहीत, मुलीच घर बघायला जातात!” आबांसकट सगळे हसले.

पुढे बोरीच्या काट्यात एक नाकतोडा टोचलेला दिसला. एखाद्या व्रात्य मुलाचे हे काम असावे असे मला वाटले असते. पण आबा म्हणाले, “हे खाटकाचं दुकान हाय. पोट भरलं की उरलेलं काट्याला लावून ठिवतो.” थोड्याच वेळात डोळ्यांवर काळी पट्टी असलेला तो एवढासा पक्षी शेंड्यावर येऊन बसला, आणि मुलांना ‘खाटीक’ हे नाव आता कोणी पाठ करून घ्यायला नको होते.

पण त्या सकाळचा खरा धडा पुढेच होता. उन्हे वर आली तशी माळाच्या बाजूने पंधरावीस पाखरे वेगाने आली, काठावर उतरली, घटकाभर पाणी प्यायली आणि आली तशी गेली. मातकट रंग, कबुतराएवढा बांधा. “पखुर्ड्या,” आबा म्हणाले. “रोज याच वक्ताला येत्यात. दिवसभर माळावर दाणे टिपायचे अन् सकाळी पाण्याला यायचं.”

पखुर्डीची गोष्ट गुरुजींनी तिथेच, एका दगडावर बसून सांगितली. हा पक्षी पाण्यापासून दूर, उघड्या माळावर अंडी घालतो. पिलांना उडता येत नाही, आणि तहान तर लागते. मग बाप पाण्यात उतरून पोटाची पिसे भिजवतो. ती पिसे पाणी धरून ठेवतात. तसाच तो उडत पिलांकडे जातो आणि पिले त्याच्या पोटाखाली चोची घालून पाणी पितात. १८९६ साली मीड-वाल्डो नावाच्या इंग्रजाने आपल्याकडे पाळलेल्या पखुर्ड्यांत हे पाहून लिहिले, तर पुष्कळ पंडितांना ती थापच वाटली! पुढे १९६७ साली केड आणि मॅक्लीन या संशोधकांनी आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात निरीक्षण करून ते खरे असल्याचे दाखवून दिले.

मुले गप्प झाली. मग मघाची तीच मुलगी हळूच म्हणाली, “आमचे बाबापण टँकरवरून असंच पाणी आणतात. सायकलला दोन घागरी बांधून.”

मला वाटते, वर्गाच्या चार भिंतींत हे वाक्य कोणाच्या तोंडून निघाले नसते. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळून निघाला, तेव्हा हा तलावही आटला होता. तळाला साचलेला गाळ तेवढा उघडा पडला. गावातल्या मंडळींनी पुढे होऊन तो गाळ उपसायला लावला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानांत नेऊन टाकला. गुरुजींनी मुलांना काठावरची दोन ठिकाणे दाखवली. एके ठिकाणी गवत आणि झुडपे होती. तिथली माती जागच्या जागी होती. दुसरीकडे उतार बोडका. तिथे पावसाने घळी पाडल्या होत्या. “ही माती गेली कुठे?” गुरुजींनी विचारले. मुलांनी एकदम तलावाकडे बोट दाखवले. झाड आणि नळाचे पाणी यांचा संबंध याहून सोप्या रीतीने कोणी शिकवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या डोंगरावर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, हा त्यांचा विचार. नुकतेच, २०२५ साली निवर्तलेले मारुती चितमपल्ली तर वनाधिकारी असूनही रानातल्या आदिवासींना आपले गुरू मानत आले. आबांसारखी माणसे गावोगाव आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, एवढेच.

परतण्यापूर्वी डबे सुटले. आबांनी रानातली सीताफळे वाटली आणि बिया माळावरच टाकायला सांगितल्या. चारपाच मुलांनी मात्र त्या कागदात बांधून खिशात ठेवल्या.

वाचकहो, दिवाळीत पाहुण्यांकडे जाण्यायेण्यातून एखादी सकाळ वाचली, तर मुलांना गावाजवळच्या माळावर घेऊन जा. अभयारण्यच हवे असे नाही. उन्हाच्या आत निघावे, पायांत जाड वहाणा घालाव्यात, कारण या दिवसांत कुसळे फार बोचतात. पाण्याची बाटली न्यावी आणि रिकामी झाली तरी परत आणावी. आणि शक्य झाले तर एखादा जाणता गुराखी सोबतीला घ्यावा. फराळाचे दोन लाडू त्यालाही द्यावेत. एवढ्या गुरुदक्षिणेत इतके शिकवणारा मास्तर शहरात मिळायचा नाही.