बरोव्हियाचं धुकं

चि. चिऊस,


तुझी यादी मिळाली. धुक्यातून तरंगत येणारी जेवढी म्हणून पिशाच्चं, ड्रॅगन आणि राक्षस पुस्तकांत सापडले, तेवढे सगळे तू ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’मध्ये घालायला निघाली आहेस. पहिल्यांदाच डंजन मास्टर (डीएम) व्हायचं आणि तेही व्हॅम्पायर स्ट्राडच्या बरोव्हियात, म्हणजे हौस दांडगीच. मला फार आनंद झाला. पण मनापासून सांगते, त्यातली दोन ठेव आणि बाकीची सगळी काढून टाक. कोणती दोन आणि का, ते फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

बरोव्हिया रचणारा ट्रेसी हिकमन एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर खेळत होता. तळघरातल्या एका खोलीचं दार उघडलं तर आत व्हॅम्पायर. ना त्याला इतिहास, ना तिथे असण्याचं काही कारण. खोली रिकामी राहू नये म्हणून ठेवलेला. हे त्याला इतकं खटकलं की त्याने आणि त्याची बायको लॉरा हिने त्या व्हॅम्पायरसाठी एक किल्ला, एक दरी आणि एक दुःख रचलं. दर हॅलोवीनला ते मित्रमंडळींसोबत हाच खेळ मांडायचे. १९८३ साली टीएसआर कंपनीने तो ‘रेव्हनलॉफ्ट’ नावाने छापला. तुझ्या हातातलं २०१६चं पुस्तक त्याच घरातलं आहे. तुझ्या यादीवर माझा आक्षेप हाच, की त्यातली बहुतेक जनावरं त्या खोलीतल्या व्हॅम्पायरसारखीच आहेत. धुक्याचा ड्रॅगन मलाही आवडतो, पण तो धबधब्यापाशी एकटा रमणारा प्राणी. बरोव्हियाच्या दुःखाशी त्याचं काही नातं नाही. त्याला दुसऱ्या कुठल्यातरी खेळासाठी राखून ठेव.

बरोव्हियात सगळ्यात मोठं जनावर खुद्द धुकंच आहे. खेळणाऱ्या पोरांना ते पहिल्याच रात्री कळलं पाहिजे.

स्ट्राडने आपला धाकटा भाऊ सर्गेई याला त्याच्याच लग्नाच्या दिवशी मारलं, कारण सर्गेईची नवरी तात्याना त्याला हवी होती. त्यासाठी तो मृत्यूशी करार करून बसला होता. तात्यानाने त्याच्या हाती लागण्यापेक्षा किल्ल्याच्या तटावरून उडी घेतली, हजार फूट खाली, धुक्यात. तिचा मागमूस लागला नाही. किल्ल्याभोवतीच्या त्या धुक्याचं वर्णन करताना ही गोष्ट तुझ्या मनात असू दे. पोरांना ती इतक्यात सांगू नकोस. मात्र तुला ती ठाऊक असली म्हणजे कड्याच्या काठाचं वर्णन करताना तुझे शब्द आपोआप वेगळे येतील.

आता सीमेवरचं धुकं. पुस्तकात नियम स्पष्ट आहे: धुक्यात ज्याची टर्न सुरू होईल त्याने वीसचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा, चुकला तर दमणुकीची एक पातळी चढते. सहावी पातळी म्हणजे मरण. आणि कितीही चाला, कुठल्याही दिशेने चाला, शेवटी पाय बरोव्हियातच येऊन लागतात. हे तुझ्या खेळाडूंना समजावत बसायची गरजच नाही. चकवा लागलेल्या माणसाची गोष्ट प्रत्येकाने आजीकडून ऐकलेली असते: रात्रभर चाललेला माणूस पहाटे त्याच बांधावर उभा. त्यांना फक्त तो बांध पुन्हा दाखव. ज्या वाकड्या झाडाला त्यांनी खूण म्हणून दोरी बांधली, ती दोरी समोर येऊ दे. मग फासा टाकायला सांग. आधी आकडा मागितलास तर ते धुक्यात राहणार नाहीत, कागदावर राहतील.

या धुक्याचं आणखी एक काम आहे, आणि बऱ्याच डीएमच्या हातून ते निसटतं. बरोव्हियात दिवस उजाडतो, पण धुक्यातून आणि ढगांतून गाळून आलेला तो उजेड ऊन म्हणून धरला जात नाही. म्हणून स्ट्राड भरदिवसा चौकात उभा राहू शकतो. व्हॅम्पायरला रात्रीपुरतं बांधून ठेवणारी जगाची जी सोय आहे, ती इथे धुक्याने काढून घेतली आहे. त्याला दिवसा एकदा तरी दाखव, शांतपणे, कुणाच्या तरी अंत्ययात्रेच्या मागे चालताना. पोरं म्हणतील, हा उन्हात कसा? तेव्हा उत्तर देऊ नकोस. ते वर आकाशाकडे बघतील आणि स्वतःच शोधून काढतील.

तर पहिला ठेवायचा तो धुकं झालेला स्ट्राड. तो हवं तेव्हा धुकं होऊ शकतो, आणि शवपेटीबाहेर त्याचे हिट पॉइंट शून्यावर आले तर त्याला धुकं व्हावंच लागतं. मग बोलणं नाही, वार नाही, हातात काही धरणं नाही. साध्या तलवारीने त्याला इजा होत नाही, फटीतून तो निघून जातो. एका राउंडला, म्हणजे ६ सेकंदांना, त्याचा वेग २० फूट. दोन तासांच्या आत त्याला शवपेटी गाठायची असते, नाहीतर तो संपतो.

हे आकडे कोरडे समजू नकोस, चिऊ, अख्खं नाट्य त्यांच्यातच आहे. साधा माणूस ६ सेकंदांत ३० फूट चालतो, म्हणजे पळणारं धुकं पाठलाग करणाऱ्यापेक्षा हळू आहे. तुझे खेळाडू त्याच्या मागे चालू शकतात, अगदी शेजारून चालू शकतात. ज्याने काल त्यांचा मित्र मारला तो राखाडी झुळूक होऊन त्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर सरकतो आहे, आणि त्यांच्या तलवारी त्यातून आरपार जाताहेत. पुढे भिंत येते, भिंतीला फट असते, तो आत जातो. यांना दार शोधावं लागतं. दोन तासांचे होतात १२०० राउंड, म्हणजे २४,००० फूट, म्हणजे साधारण सव्वासात किलोमीटर. किल्ल्यापासून त्याहून लांब त्याला कुणी पाडलं, तर शवपेटीपर्यंत तो पोचत नाही. इतका बलाढ्य सरदार, पण आपल्या तळघरापासून किती लांब जाऊन लढायचं याचा हिशोब त्याला प्रत्येक वेळी मांडावा लागतो. म्हणून दूरच्या गावात तो सहसा जीव पणाला लावून लढणार नाही. येईल, बोलेल, धमकावेल आणि वेळीच निघून जाईल. तुझ्या एखाद्या हुशार खेळाडूला हे लक्षात आलं आणि त्याने स्ट्राडला लांब खेचायचा बेत केला, तर तो बेत यशस्वी होण्याची खरी संधी त्याला दे. फट नव्हती तिथे फट काढू नकोस. नकाशात जे नाही ते आयत्या वेळी निर्माण करून त्याला वाचवलंस, तर त्यानंतर कुणी नकाशाकडे बघणार नाही.

दुसरा ठेवायचा तो ‘व्हॅम्पायरिक मिस्ट’. २०१८च्या ‘मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज’मध्ये तो आहे, आणि तो कोण आहे हे कळलं की तू बाकीची यादी स्वतःच खोडशील. ज्यांना विसावा मिळू दिला गेला नाही अशा व्हॅम्पायरांचे हे अवशेष. नाव नाही, बोलणं नाही, फक्त भूक. नुसत्या नजरेला तो साध्या धुक्याहून वेगळा दिसत नाही. कुजल्या प्रेतासारखा वास तेवढा येतो. बारीकशा फटीतून तो आत येतो आणि ६० फुटांच्या आत जिवंत काय आहे ते त्याला कळतं. तरी हाही बांधलेलाच आहे. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय तो घराचा उंबरा ओलांडू शकत नाही, आणि ऊन त्याला जाळतं. स्ट्राडच्या आधी एकदा या जीवाची गाठ घालून दे. नंतर स्ट्राड धुकं होऊन शवपेटीकडे सरकत असेल तेव्हा त्याला कशाचं भय आहे, ते तुला शब्दांत सांगावं लागणार नाही.

लढाईची एक अडचण सांगते. पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे दाट धुक्यात सगळेच आंधळे. न दिसणाऱ्यावर वार केला तर डिसअॅडव्हान्टेज, आणि समोरच्यालाही तू दिसत नाहीस म्हणून अॅडव्हान्टेज. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि प्रत्येक जण साधा एक फासा टाकत बसतो. भर धुक्यातली लढाई कंटाळवाणी व्हायचं कारण हे. तेव्हा फरक फाशात शोधू नकोस, कुणाला जागा ठाऊक आहे यात शोध. त्या व्हॅम्पायरिक मिस्टला तुझे चौघे खेळाडू कुठे उभे आहेत ते कळतं, चौघांना तो कुठे आहे ते कळत नाही. नकाशावर त्याची सोंगटी ठेवू नकोस, ती तुझ्या पडद्यामागे तुझ्या कागदावर फिरू दे. पण तिथे ती खरोखर फिरली पाहिजे, दर टर्नला, तिच्या वेगाने. खेळाडूने अंदाजाने बरोबर चौकट सांगितली तर वार बसला म्हणजे बसला.

आणि त्यांना माहिती दे, भरपूर दे, फक्त डोळ्यांनी नको. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर गेलेला प्रत्येक जण जाणतो, दहा पावलांवरचा माणूस नाहीसा होतो आणि त्याची हाक भलत्याच बाजूने येते. बॅटरी लावली तर समोर पांढरी भिंत उभी राहते, न लावलेली बरी. पाऊस थांबल्यावरही झाडं ठिबकत राहतात, त्यामुळे पाऊल वाजलं की थेंब पडला हे ठरत नाही. हे सगळं टेबलावर आण. वास आधी मंद, मग डावीकडून. घोडा पुढे जायला तयार नाही. बेडूक एका बाजूला ओरडताहेत आणि दुसऱ्या बाजूला एकदम गप्प. ‘तुम्हाला भीती वाटते’ हे वाक्य मात्र कधी उच्चारू नकोस. काय वाटायचं ते खेळाडूंनी ठरवायचं. बेडूक कुठे गप्प झाले हे ज्याने लक्षात ठेवलं त्याला जनावराची जागा कळली पाहिजे. धुक्यात काही दिसत नाही याचा फायदा त्या जीवाने घ्यावा, डीएमने घेऊ नये. एवढं एक पाळलंस तर पोरं तुझ्या मागे कुठल्याही अंधारात येतील.

व्हिस्तानींविषयी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बरोव्हियाच्या धुक्यातून ये-जा करू शकणारी हीच माणसं. जुन्या पुस्तकांत त्यांना लबाड, दारुडे, स्ट्राडचे हस्तक असं रंगवलं होतं, आणि त्यामागे रोमा लोकांविषयी युरोपात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले गैरसमज होते. त्यावर टीका झाली, आणि २०२० साली प्रकाशकांनी ते भाग सुधारले. तुझी प्रत कोणती आहे ते बघ. जुनी असेल तर ती वर्णनं वाचू नकोस. आपल्याकडेही तंबू ठोकून राहणाऱ्या जमातींवर इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, आणि तो शिक्का लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. तुझ्या टेबलावर बसणाऱ्या कुणाच्या घरातला तो इतिहास असू शकतो. व्हिस्तानींची पत्ते वाचणारी मादाम एव्हा ही तुझ्या गोष्टीतली शहाणी, स्वतःच्या मताची बाई होऊ दे.

पत्ते तिच्याकडूनच उलटायचे आहेत. सूर्याच्या तलवारीची जागा त्या पत्त्यांवर ठरते, आणि तिचा धुक्याशी सरळ संबंध आहे. त्या तलवारीच्या पात्यातून पडतो तो उजेड म्हणजे खरं ऊन, भोवती १५ फूट लख्ख आणि पुढे १५ फूट मंद. त्या उन्हात स्ट्राड शून्यावर आला तर त्याला धुकं होता येत नाही. फट असो नसो, तो तिथेच संपतो. तेव्हा ही तलवार शेवटापर्यंत दडवून ठेवू नकोस. पत्ता निघेल तिथे ती असू दे, लवकर मिळाली तर लवकर मिळू दे. ती हातात आल्यावर पोरांना तिचा अर्थ लागायला आणि स्ट्राडला त्यांच्यापासून दूर राहायला भरपूर वेळ मिळतो, आणि खेळाचा उत्तरार्ध तिथूनच रंगतो.

तुझ्या चौघांत क्लेरिक कोण आहे ते कळव. त्याच्याकडे ‘डेलाइट’ मंत्र असेल तर आधीच सांगून टाक, की नावात दिवस असला तरी २०१४च्या नियमांत तो उजेड ऊन नव्हता, त्या नियमांनी खेळलात तर तो स्ट्राडवर चालणार नाही. हे ऐन लढाईत कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटेल. त्याने त्या जागी दुसरा मंत्र घ्यायचं ठरवलं तर कोणता घ्यावा, ते मी पुढच्या पत्रात लिहीन.

तुझी,
मावशी